मेंदू स्वस्त, मनगट महाग

घराच्या नावाची पाटी कोरायला, पातळ प्लायवूड कापायला किंवा तांब्याच्या पत्र्यावर सर्किटच्या रेषा काढायला छोटं सीएनसी यंत्र घरीच जुळवायचं ठरलं, की पहिला प्रश्न बहुतेक एकच येतो: कंट्रोलर कोणता घेऊ? उत्तरांना तोटा नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन दुकानांत तीन-चार स्टेपर मोटरी एकदम चालवणारे बोर्ड काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात. माझ्या मते हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा. तीन अक्षांच्या हालचालीचा हिशेब करणारा मेंदू आता इतका स्वस्त झाला आहे, की तिथे घासाघीस करून वाचण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पैसा आणि डोकं लावायचं ते मोटरच्या कॉइलमध्ये करंट ढकलणाऱ्या भागात.

दुकानात ‘कंट्रोलर’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यामुळे गोंधळ होतो. एक, कोणत्या मोटरला कधी किती पावलं टाकायला सांगायचं हे ठरवणारा बोर्ड. दोन, ते सांगणं ऐकून मोटरमध्ये खरोखरचा करंट सोडणारा ड्रायव्हर. तीन, ड्रायव्हरला वीज पुरवणारा सप्लाय. काही बोर्डांवर पहिल्या दोन गोष्टी एकत्र असतात, काहींत वेगळ्या. कोणतीही जाहिरात वाचताना यातलं नेमकं काय मिळतंय हे आधी पाहावं.

आता मोटर. छंदाच्या यंत्रांत दिसणारी स्टेपर मोटर बहुधा हायब्रिड जातीची असते. तिच्या रोटरवर ५० दाते असतात आणि भोवती दोन कॉइल. या दोन कॉइलमधल्या करंटची दिशा ठरावीक क्रमाने बदलली की चार बदलांत रोटर एक दाता पुढे सरकतो. पन्नास दाते, प्रत्येकी चार पावलं, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. प्रत्येक पाऊल १.८ अंशांचं. मोटर नेमकी कुठे आहे हे मोजायला काहीही बसवलेलं नसतं. कंट्रोलरने हजार पावलं सांगितली म्हणजे मोटर हजार पावलं गेली, असं धरून चालायचं. या विश्वासामुळेच स्टेपरचं यंत्र जागा मोजत चालणाऱ्या सर्व्हो मोटरच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडतं, आणि तो विश्वास तुटला की पाटीवरचं शेवटचं अक्षर दोन मिलिमीटर बाजूला जातं. एकही पाऊल चुकू द्यायचं नाही, एवढ्यासाठीच बाकीची सारी यातायात.

कंट्रोलर आणि ड्रायव्हर यांच्यातली भाषा फार साधी आहे. प्रत्येक अक्षाला दोन तारा: एक पावलाची, एक दिशेची. पावलाच्या तारेवर एक छोटा विजेचा ठोका आला की ड्रायव्हर मोटरला एक पाऊल सरकवतो. दिशेच्या तारेवर वीज आहे की नाही, यावरून उजवीकडे की डावीकडे ते ठरतं. त्यामुळे बहुअक्षीय कंट्रोलरचं काम एवढंच उरतं की तीन-चार तारांवर ठोके अचूक वेळी सोडायचे. एका अक्षाचं ठीक आहे. पण क्ष-अक्षाने ७ पावलं जायचं आणि य-अक्षाने त्याच वेळात ३, आणि रेषा सरळ दिसली पाहिजे, तर य-अक्षाचं पाऊल नेमकं केव्हा टाकायचं?

याचं उत्तर मजेशीरपणे जुनं आहे. जॅक ब्रेझनहॅम हे आयबीएममध्ये होते, आणि १९६२ च्या सुमारास त्यांच्यापुढे कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर होता. हा प्लॉटरही पावलापावलानेच पेन सरकवायचा. भागाकार, अपूर्णांक ही त्या काळच्या संगणकाला महागडी कामं. ब्रेझनहॅम यांनी फक्त बेरीज-वजाबाकीवर चालणारी रीत काढली आणि ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या उदाहरणात ती अशी चालते: क्ष-अक्षाच्या प्रत्येक पावलाला खात्यात ३ जमा करा, आणि बेरीज ७ किंवा जास्त झाली की य-अक्षाचं एक पाऊल टाकून ७ वजा करा. पहिल्या पावलाला ३, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ९, म्हणून य-अक्षाचं पाऊल, शिल्लक २. चौथ्याला ५, पाचव्याला ८, पुन्हा पाऊल, शिल्लक १. सहाव्याला ४, सातव्याला ७, तिसरं पाऊल आणि खातं शून्यावर. सात पावलांत बरोबर तीन. (प्रत्यक्षात खातं शून्याऐवजी निम्म्यापासून सुरू करतात, म्हणजे पावलं रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी विभागली जातात.) तिसरा अक्ष हवा तर तिसरं खातं उघडायचं. संगणकाच्या पडद्यावर तिरपी रेषा काढायला पुढे हीच रीत जगभर शिकवली गेली, पण मुळात ती कागदावर पेन फिरवणाऱ्या यंत्रासाठी होती.

हे समजलं की मेंदू स्वस्त का, हेही समजतं. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी जीआरबीएल नावाची प्रणाली लिहून सर्वांसाठी खुली केली. पुढे सुंगुन जॉन यांनी ती वाढवली. अर्डुइनो उनो या बोर्डावरच्या आठ बिटांच्या, १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर ती चालते. त्या चिपची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. तेवढ्यात हालचाली सांगणाऱ्या जी-कोडच्या ओळी वाचणं, ब्रेझनहॅमची खाती सांभाळणं, आणि त्याहून अवघड म्हणजे वेग हळूहळू चढवणं-उतरवणं, सगळं बसवलेलं आहे. मोटर उभ्या जागेवरून एकदम सेकंदाला दहा फेऱ्यांच्या वेगाने सुटू शकत नाही. रोटर मागे राहतो आणि पावलं गळतात. म्हणून प्रत्येक हालचालीला चढण, सपाटी आणि उतरण असते. त्यातही पुढच्या पंधरा-सोळा हालचाली आधीच पाहून ठेवाव्या लागतात, नाहीतर गोल अक्षर कोरताना प्रत्येक बारीक तुकड्यापाशी यंत्र थांबेल आणि लाकूड जळेल.

त्याआधी स्वस्त मार्ग म्हणजे जुना संगणक. त्याच्या मागचा पंचवीस पिनांचा प्रिंटर पोर्ट पावलं सोडायला वापरायचा, आणि त्यावर मॅक-३ किंवा लिनक्ससीएनसी ही प्रणाली चालवायची. त्यातल्या लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या एका प्रकल्पात आहे, आणि ती आजही उत्तम आहे. पण तसा पोर्ट असलेला धड संगणक आता शोधावा लागतो. यूएसबीला लावायचे प्रिंटर-पोर्टचे जोड या कामाला चालत नाहीत, कारण ठोक्यांची अचूक वेळ त्यांच्यातून पार होत नाही. घरात असा संगणक पडून असेल तर जरूर वापरावा, नसेल तर या वाटेला जाऊ नये.

अर्डुइनोच्या चिपला एक मर्यादा आहे: जीआरबीएल त्यावर सेकंदाला सुमारे ३०,००० ठोके सोडू शकते. आकडा मोठा वाटतो, पण पुरतो की नाही हे आटे आणि पुलीवर ठरतं. म्हणून खरेदीच्या आधी कागद-पेन्सिल घ्यावी. ड्रायव्हर एका पावलाचे १६ तुकडे करतो असं धरू, म्हणजे फेऱ्याला ३,२०० ठोके. दोन मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा पट्टा २० दात्यांच्या पुलीवर असेल तर एका फेऱ्यात ४० मिलिमीटर, म्हणून मिलिमीटरला ८० ठोके. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर जाणारा लीडस्क्रू असेल तर ४००. आणि तसाच दिसणारा, पण फेऱ्याला दोनच मिलिमीटर जाणारा स्क्रू घेतला तर १,६००. तिथे ३०,००० ठोके म्हणजे सेकंदाला पावणेएकोणीस मिलिमीटर, मिनिटाला सव्वा मीटरही नाही. चारशेच्या हिशेबात तोच बोर्ड मिनिटाला साडेचार मीटर नेतो. म्हणजे ‘बोर्ड हळू आहे’ ही तक्रार पुष्कळदा स्क्रूविषयीची असते.

उपाय दोन. तुकडे १६ ऐवजी ८ करायचे, ठोके निम्म्यावर येतात. किंवा जोरकस चिप घ्यायची. ३२ बिटांच्या ईएसपी३२ वर चालणारी फ्लुइडएनसी आणि अनेक चिपांवर चालणारी जीआरबीएल-हॅल या प्रणाली ठोक्यांच्या बाबतीत कितीतरी पुढे आहेत. खर्चात फरक काही शे रुपयांचा. चौथा अक्ष, म्हणजे गोल दांड्यावर कोरीव काम करायला जॉब फिरवणारा अक्ष, हवा असेल तर याच वाटेने जावं, कारण मूळ जीआरबीएल तीनच अक्षांची आहे. तिच्यासाठी मिळणाऱ्या, अर्डुइनोवर बसणाऱ्या लोकप्रिय लाल शील्डवर ड्रायव्हरच्या चार जागा असतात खऱ्या, पण चौथी बहुधा दुसऱ्या एखाद्या अक्षाची नक्कल करायला वापरतात. दोन्ही बाजूंना मोटर असलेल्या पुलाच्या (गँट्रीच्या) यंत्रात ती कामाला येते.

तुकड्यांविषयी आणखी थोडं, कारण जाहिरातींचा सगळ्यात मोठा फुगा इथे असतो. ड्रायव्हर दोन कॉइलमधला करंट थोडा-थोडा बदलून रोटरला दोन पूर्ण पावलांच्या मध्ये उभा करतो, याला मायक्रोस्टेपिंग म्हणतात. ३२ तुकडे, २५६ तुकडे असे आकडे वाचून अचूकता तितकी पट वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. एका तुकड्याएवढं सरकायला रोटरकडे जो जोर असतो तो तुकडे वाढतील तसा घटतो. सोळा तुकड्यांना तो मोटरच्या धरून ठेवण्याच्या टॉर्कच्या सुमारे दहा टक्के असतो, बत्तिसांना पाच टक्के. घर्षण याहून जास्त असेल तर एक-दोन ठोके रोटर हलतच नाही, मग एकदम सरकतो. मायक्रोस्टेपिंगचा खरा फायदा म्हणजे गुळगुळीत, कमी थरथरणारी, कमी आवाजाची चाल. आठ किंवा सोळा तुकडे घ्यावेत आणि अचूकतेसाठी स्क्रूचा ढिलेपणा काढावा.

आता मनगटाकडे, म्हणजे करंट ढकलणाऱ्या ड्रायव्हरकडे. नेमा १७ जातीची एक नेहमीची मोटर घेऊ. १७ म्हणजे तिचा चौकोनी चेहरा १.७ इंचांचा. कागदावर लिहिलेलं असतं: करंट १.७ अँपिअर, रोध १.५ ओहम. गुणाकार केला की अडीच व्होल्ट येतात. मग तिला २४ व्होल्टांचा सप्लाय कशाला लावतात? नवशिक्यांचा हाच अडखळण्याचा दगड. मोटर थांबलेली असताना अडीच व्होल्ट खरंच पुरेसे आहेत. पण कॉइलमधला करंट बदलायला वेळ लागतो. भरलेली हातगाडी उभ्या जागेवरून हलवताना जसा सुरुवातीला जास्त रेटा द्यावा लागतो, तसं कॉइलच्या इंडक्टन्समुळे होतं. या मोटरचा इंडक्टन्स २.८ मिलिहेन्री. बारा व्होल्ट लावले तर करंट १.७ अँपिअरपर्यंत चढायला, रोध विसरला तरी, ०.४ मिलिसेकंद लागतात. मोटर सेकंदाला दहा फेरे फिरत असेल तर एका पूर्ण पावलाला मिळतात ०.५ मिलिसेकंद. करंट जेमतेम चढतो न चढतो तोच उतरायची वेळ येते. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, ते वेगळं. चोवीस व्होल्टला हाच वेळ निम्मा होतो. वेगात जोर हवा तर व्होल्टेज हवं, हे त्याचं साधं कारण.

मग अडीच व्होल्टांची मोटर २४ व्होल्टांवर जळत कशी नाही? कारण चांगला ड्रायव्हर करंट मोजत राहतो. ठरवलेली मर्यादा आली की वीज तोडतो, करंट थोडा उतरला की पुन्हा जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. यावरून एक गोष्ट पक्की: ज्यात करंटची मर्यादा ठरवता येत नाही असा ड्रायव्हर स्टेपर यंत्राला घेऊ नये. रोबोटच्या खेळण्यांसाठी मिळणारा एल२९८ चा लाल मोड्यूल याच कारणासाठी टाळावा. त्याने मोटर फिरते, पण एकतर दमदारपणे फिरत नाही किंवा तापते.

लहान ड्रायव्हरांत तीन नावं सारखी भेटतात. ए४९८८ हा सर्वांत स्वस्त, ३५ व्होल्टपर्यंत चालणारा. त्यावर दोन अँपिअर लिहिलेले असतात, पण थंड करायची सोय नसेल तर एक अँपिअरच धरावा. डीआरव्ही८८२५ थोडा जास्त करंट आणि ४५ व्होल्टपर्यंत देतो. टीएमसी२२०९ जर्मनीच्या ट्रिनॅमिकचा. तो मोटरीला जवळजवळ मुकी करतो, पण त्याची मर्यादा २९ व्होल्ट आहे, म्हणजे त्याला ३६ व्होल्टांचा सप्लाय लावला की संपला. घरात रात्री काम करायचं असेल तर माझं मत टीएमसीला.

करंटची मर्यादा छोट्या स्क्रूने ठरवायची असते, आणि इथे एक बारीक सापळा आहे. ए४९८८ चं सूत्र असं: मोड्यूलवरचं संदर्भ व्होल्टेज भागिले आठ पट रोध. पण हा रोध कोणता? बोर्डावर दोन बारीक काळे ठोकळे असतात, त्यांवर आर१०० किंवा आर०५० असं काही लिहिलेलं असतं. आर१०० म्हणजे ०.१ ओहम, तिथे एक अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट लावावे लागतात. आर०५० ला तोच करंट ०.४ व्होल्टला येतो. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून ०.८ लावले आणि आपला बोर्ड आर०५० चा निघाला, तर दुप्पट करंट. भिंग घेऊन ठोकळा वाचावा, मगच स्क्रू फिरवावा. मोटर हाताला गरम लागली तर घाबरू नये, स्टेपर गरमच चालते. बोट ठेववत नसेल तर मात्र करंट उतरवावा.

लाकूड आणि अॅक्रिलिक कोरणाऱ्या मोठ्या यंत्राला मात्र बहुधा नेमा २३ मोटरी लागतात, २.८ ते ३ अँपिअरच्या, आणि त्यांना नखाएवढे ड्रायव्हर पुरत नाहीत. इथे वेगळ्या पेटीतले ड्रायव्हर येतात. टीबी६६०० नावाची पेटी काही शे रुपयांना मिळते. आत अनेकदा भलतीच चिप निघते आणि वर लिहिलेल्या चार अँपिअरवर दिवसभर चालवण्याची ती नसते. डीएम५४२ जातीचा डिजिटल ड्रायव्हर महाग पडतो, पण ५० व्होल्टपर्यंत चालतो आणि मधल्या वेगात मोटर थरथरून पावलं गाळते तो दोष बराच सावरतो. तीन अक्षांना मिळून जो जास्तीचा खर्च होतो, तो या यंत्रातला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च. चारही ड्रायव्हर एकाच पाटीवर असलेले स्वस्त निळे बोर्ड मी सुचवणार नाही. एक चिप जळली की सगळी पाटी काढून टाकावी लागते. वेगळ्या पेट्यांत एक जळली तर एक बदलता येते.

सप्लाय किती व्होल्टांचा? या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की मोटरच्या मिलिहेन्रींचं वर्गमूळ गुणिले ३२ ही व्होल्टेजची वरची हद्द. ३.६ मिलिहेन्रीच्या नेमा २३ ला ती साठीच्या आसपास येते. पण ड्रायव्हरची हद्द ५० असेल तर ४८ चा सप्लाय लावू नये. वेगात असलेला जड पूल थांबतो तेव्हा मोटर क्षणभर जनरेटर होते आणि व्होल्टेज वर चढतं. ३६ व्होल्ट, ३५० वॅटचा एसएमपीएस तीन अशा मोटरींना निवांत पुरतो. तीन मोटरींच्या करंटची सरळ बेरीज करून त्याहून मोठा सप्लाय शोधायचं कारण नाही, कारण ड्रायव्हर वीज तोडत-जोडत असल्याने सप्लायमधून प्रत्यक्षात बराच कमी करंट ओढला जातो.

जोडणीत ड्रायव्हरचा जीव घेणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. वीज चालू असताना मोटरची तार काढू नये. कॉइलमधला करंट तुटताना जो झटका बसतो त्याने ड्रायव्हर हमखास जातो. छोट्या ड्रायव्हरच्या सप्लायजवळ १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हवाच. मोटरच्या चार तारांत जोड्या कोणत्या, हे कळायला मीटरही लागत नाही. कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवावा, तो जड झाला की जोडी सापडली. पेटीच्या ड्रायव्हरच्या आत ठोके प्रकाशाने पार करणारा ऑप्टो असतो आणि तो पाच व्होल्टांच्या हिशेबाने बनवलेला असतो. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट त्याला कधी पुरतात, कधी नाही. मध्ये पाच व्होल्ट करणारी एक बफर चिप टाकली की हा प्रश्न मिटतो. लाल शील्ड वापरणाऱ्याने एक माहीत करून घ्यावं. ते जीआरबीएलच्या जुन्या आवृत्तीसाठी छापलं गेलं. ०.९ पासून स्पिंडल आणि झ-अक्षाचा लिमिट स्विच यांच्या पिना अदलाबदल झाल्या. म्हणून त्यावर जिथे स्पिंडल लिहिलंय तिथे झ-अक्षाचा स्विच लावावा लागतो.

लिमिट स्विचच्या तारा मोटरच्या तारांबरोबर एका गठ्ठ्यात बांधल्या की स्विच न दाबताच यंत्र अधूनमधून थांबतं. वेगळ्या वाटेने न्याव्यात, आवरणाची तार वापरावी आणि नेहमी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा स्विच घ्यावा, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबतं. आणीबाणीचं लाल बटण मात्र कंट्रोलरच्या पिनेला जोडून समाधान मानू नये. त्याने मोटरी आणि स्पिंडलची वीजच तोडली पाहिजे.

सगळं जुळल्यावर पाटी कोरायला घेण्याआधी एक परीक्षा. बाजूला डायल गेज उभा करून त्याच्या टोकाशी पूल टेकवावा, काटा शून्यावर आणावा आणि यंत्राला पूर्ण वेगाने पुढे-मागे शंभर वेळा पळवून परत तिथेच आणावं. काटा शून्यावर आला तर उत्तम. आला नाही आणि चूक दर वेळी वेगळी येत असेल, तर वेग किंवा चढणीचा आकडा मोटरच्या आवाक्याबाहेर आहे. तो तीस टक्क्यांनी उतरवून पुन्हा पाहावं. पण चूक नेहमी एकाच दिशेला सरकत असेल आणि फेऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत असेल, तर मोटर, सप्लाय आणि स्क्रू यांच्याकडे पाहूच नये. तिथे दर वेळी दिशा बदलताना एक ठोका गळतो आहे. ड्रायव्हर ठोक्याच्या ज्या कडेवर पाऊल टाकतो, तिच्या उलट कडेचं सेटिंग कंट्रोलरमध्ये असतं. ते एक सेटिंग उलटं केलं की काटा जागेवर येतो.